लास्टनंतरचा एक

माझ्याकडे पळायला येणारी पोरं माझ्या पाठीमागे मला ‘लास्ट सर’ म्हणायची. हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला नाव पडतं हीच मोठी गोष्ट. गणिताच्या मास्तरांना पोरं जन्मभर लक्षात ठेवतात, आम्हाला शिट्टीसकट विसरतात.

नाव पडलं ते माझ्या पद्धतीमुळे. हुबळीच्या विद्यानगरातल्या एका कॉलेजच्या मैदानावर सकाळी साडेपाचला मी पोरांना चारशे मीटरचे राउंड मारायला लावायचो. एक राउंड जीव तोडून, मग दीड मिनिट चालणं, मग पुन्हा राउंड. याला इंटरव्हल म्हणतात आणि सगळीकडे तो असाच करतात, त्यात माझं काही नाही. माझं होतं ते एवढंच, की किती राउंड मारायचे हे मी कधी सांगत नसे. आकडा माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर असायचा. सहा-सात झाले की मी ओरडायचो, ‘लास्ट!’ पोरं पळायची, रेषा ओलांडायची, आता सुटलो म्हणून आडवी व्हायच्या बेतात यायची, आणि मी शिट्टी तोंडातून काढून शांतपणे म्हणायचो, ‘आणि एक.’

त्या वेळचे त्यांचे चेहरे बघायला मला मजा यायची. हे मी आधी कधी कबूल केलेलं नाही. मी त्याला शास्त्र म्हणायचो. पाय थकत नाहीत, मन थकतं, असं माझं ठाम मत होतं. मनाला एकदा कळलं की संपत आलं, की ते गाशा गुंडाळायला लागतं. त्याला कळूच द्यायचं नाही. संपलं म्हणून सांगायचं आणि संपू द्यायचं नाही, म्हणजे ते हळूहळू आशा करायचं सोडून देतं. आशा सोडलेलं मन कणखर, असं माझं गणित होतं. या गणिताचं मूळही सांगून टाकतो. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धेत मी पंधराशे मीटर पळालो होतो, शेवटच्या वळणापर्यंत दुसरा होतो, आणि तिथे माझ्या मनानं हात टेकले. चौथा आलो. त्या वळणावर ढेपाळलेल्या पोराचा, म्हणजे माझाच, मला अजून राग येतो, आणि तो राग मी शाळेत तीस आणि मैदानावर दहा अशी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांवर काढला.

नियम कडक होते. राउंड संपल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं नाही, जो वाकेल त्याला एक जादा. बसायचं नाही. पाणी शेवटी. कुणी कडेला जाऊन ओकलं तर मी म्हणायचो, ‘बरं झालं, वजन कमी झालं, चल.’ जे मऊ असतील त्यांना मी पेढा म्हणायचो, आणि हुबळी-धारवाडात वाढलेल्या पोराला पेढा म्हटलेलं किती लागतं ते इथल्यालाच कळेल. कलघटगीहून पहाटेच्या बसनं येणारी एक मुलगी होती, चांगली पळणारी. एका सकाळी मी तिसऱ्यांदा ‘आणि एक’ म्हणालो, तशी ती कडेला गेली, स्पाइक्स काढले, चपला घातल्या आणि मैदानाबाहेर चालू लागली. पुन्हा आली नाही. पुढचा महिनाभर मी तिचं नाव घेऊन उरलेल्यांना टोमणे मारत होतो.

माझी बायको शिक्षिका होती. तिनं एकदा मैदानाच्या भिंतीपलीकडून हा सगळा प्रकार पाहिला. घरी आल्यावर नाश्ता वाढताना म्हणाली, ‘अहो, मुलांना खोटं का सांगता?’

‘खोटं नाही ते. ट्रेनिंग आहे.’

‘मी वर्गात दहा मार्कांचा पेपर सांगून वीस मार्कांचा दिला असता तर?’

‘तर पोरं वीस मार्कांचा अभ्यास करून आली असती.’

‘नाही,’ ती म्हणाली, ‘दहा मार्कांवर माझा विश्वास ठेवला नसता, एवढंच.’ मी चटणी मागितली आणि विषय संपवला. घरात माझं ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तर मी मैदानावर जायचो.

तर जिच्याबद्दल सांगायचंय ती मुलगी दुसरीच. अळणावरच्या पुढच्या एका खेड्यातली, आमचीच मराठी बोलणारी. बाप अळणावरला लाकडाच्या वखारीत हमाल. आई नव्हती. उणकलला मावशी राहायची, चार घरी स्वयंपाक करायची, तिच्याकडे ही राहायला आली होती. शाळेत असताना पळण्यात जिल्ह्याला पहिली आलेली. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून मुली घेणार होते. पंधराशे मीटरची चाचणी, पहिल्या दोघींना नोकरी. वयाच्या अटीत तिचं ते शेवटचं वर्ष होतं. जागा मिळाली तर पक्की नोकरी, नाही मिळाली तर मावशीबरोबर लोकांच्या घरी पोळ्या लाटणं. यापलीकडे तिसरं काही नव्हतं, आणि हे तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं. रडत वगैरे नाही. दुकानात किराण्याची यादी सांगतात तसं सांगितलं.

मला ती लगेच आवडली, म्हणून मी तिला सगळ्यात जास्त छळलं. पहिल्या महिन्यात ती विचारायची, ‘सर, आज किती मारायचे?’ मी म्हणायचो, ‘तुला काय बस चुकायची आहे?’ मग तिनं विचारणं सोडलं. मी ‘लास्ट’ म्हटलं तरी तिचा चेहरा हलत नसे. ‘आणि एक’ म्हटलं तरी हलत नसे. बाकीची पोरं आकाशाकडे बघायची, शिव्या गिळायची. ही मुकाट्यानं वळायची आणि रेषेकडे चालू लागायची. मला वाटलं, झालं. माझ्या चाळीस वर्षांच्या खटाटोपातून अखेर एक तरी माणूस तयार झालं.

थंडीतल्या एका सकाळी मी तिला चार वेळा फसवलं. चिठ्ठीवर आठ होते, बारा करून घेतले. दहाव्याला ती पळता पळता रडत होती. अकराव्याच्या आधी कडेला जाऊन ओकली, ओढणीनं तोंड पुसून परत आली. त्याच दिवशी नेमका तिचा बाप तिला भेटायला आला होता. हातात कापडी पिशवी घेऊन फाटकाशी उभा. लेकीला ओकताना त्यानं पाहिलं. मला वाटलं हा आता भांडणार, आणि मी भांडायला तयारही होतो. तो जवळ आला आणि त्यानं हात जोडले. म्हणाला, ‘सर, पोरगी तुमच्या हातात दिलीया. मारा, झोडा, काय बी करा. आमच्यात कुणाला एवढं बघणारं कोण मिळालं न्हाई.’ पिशवीतून त्यानं मला रानातला मध दिला. मी तो घेतला.

माझ्याकडे एक वही होती. प्रत्येकाच्या प्रत्येक राउंडचे सेकंद मी त्यात लिहायचो. तिच्या पानावर एक गोष्ट मला सारखी दिसायची. पहिले सहाही राउंड एकसारखे, आणि ‘लास्ट’ म्हटलेला राउंड नेमका दोन-तीन सेकंदांनी हळू. त्यानंतरचा ‘आणि एक’ पुन्हा जलद. मी ते पाहून मान डोलवायचो. बघा, म्हणायचो, संपलं ऐकलं की मन सैल पडतं, माझं म्हणणं खरं आहे. हिला अजून डोस पाहिजे. मग मी दिवसाला दोन ऐवजी तीन वेळा ‘लास्ट’ म्हणायला लागलो. मूर्खपणा वहीत लिहून ठेवला की त्यालाही शास्त्राची कळा येते.

चाचणी धारवाडला होती. नऊ मुली. आदल्या संध्याकाळी मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. पहिली कोण येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, ती मुलगी वेगळ्याच जातकुळीची पळायची, तिच्या नादी लागायचं नाही. भांडण दुसऱ्या जागेचं. शेवटच्या राउंडची घंटा होईपर्यंत तिसरी राहायचं, एक पाऊल मागे, आणि घंटेनंतर जे आहे ते सगळं काढायचं. तिनं मान हलवली.

अगदी तसंच झालं. घंटा वाजली तेव्हा ती तिसरी होती, दुसरीच्या एक पाऊल मागे. दुसरी संपली होती. तिचे खांदे डोलत होते, डोकं मागे पडत होतं, असं पळणारं माणूस पुढच्या दोनशे मीटरमध्ये उभं राहतं हे मी हजारदा पाहिलंय. आमची मात्र ताजी होती, श्वास नाकानं चालला होता. मी कुंपणाच्या बाजूनं धावत सुटलो. वय विसरलो. ती समोरून आली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘लास्ट! लास्ट आहे, ओढ!’

तिनं ते ऐकलं. ऐकलं हे मला दिसलं, कारण तिचे खांदे एकदम खाली आले आणि पाऊल आखूड झालं. घाबरून नाही, दमून नाही. सवयीनं. मी पुन्हा ओरडलो, ‘लास्ट!’ अंतर एका पावलावरून तीन पावलं झालं, मग सहा. वळणावर तिला काहीतरी उमगलं असावं. सरळ पट्टीला लागल्यावर ती अशी सुटली की कुंपणापाशी उभे असलेले लोक पुढे सरकले. पण दुसरी रडतखडत, जवळजवळ पडत रेषेवर पोचली होती. आमची तिसरी आली. हातभर अंतरानं.

त्यानंतर जे झालं ते मला अजून झोपेतून उठवतं. बाकीच्या आठ जणी जमिनीवर पडल्या होत्या. ही वाकली नाही, बसली नाही, गुडघ्यांना हात लावला नाही. ती चालत राहिली. दीड मिनिट चालली, आणि फक्कीनं आखलेल्या रेषेपाशी येऊन पुढच्या राउंडसाठी उभी राहिली. पंच तिला बाजूला व्हायला सांगत होता, ‘आ कडे होगव्वा, मुगीतु,’ म्हणजे पलीकडे जा बाई, संपलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी तिला कडेला ओढत नेलं. ‘का नाही ओढलंस? घंटा ऐकू आली नाही?’

‘आली की.’

‘मग? मी ओरडलो ते ऐकू आलं नाही?’

‘तुम्ही लास्ट म्हटलासा,’ ती म्हणाली.

‘लास्टच होतं ते.’

‘तुम्ही लास्ट म्हटलासा की मी थोडं धरून ठेवतेय, सर. नंतरच्यासाठी. सगळेच ठेवतेत.’ ती खाली बसून स्पाइक्सची नाडी सोडत होती. ‘पहिल्या आठवड्यातच कलघटगीच्या अक्कानं शिकवलेलं. सर लास्ट म्हणाले की सोडायचं थोडं, न्हाईतर मरशील. आज ध्यानात होतं मला, की ही खरीच लास्ट आहे. पण तुमचा आवाज आला आणि पाय ऐकेनात.’

मला तिथेच कळलं. सगळं, एका दमात कळलं. इतकी वर्षं मी पोरांना जीव तोडायला शिकवत होतो असं समजत होतो, आणि पोरं माझ्यापासून जीव लपवायला शिकत होती. वहीतले ते दोन-तीन सेकंद मन सैल पडल्याचे नव्हते, ती शिल्लक होती, माझ्या शब्दावर नसलेल्या विश्वासाची. हे कळल्यावर सरळ माणसानं काय केलं असतं? निदान गप्प बसला असता. मला गप्प बसता आलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. तिनं माझी लाज माझ्यासमोर आणून ठेवली होती, तीही इतक्या साध्या आवाजात.

तिच्या बापाचा फोन तेवढ्यात आला. वखारीतून केला होता, मागे करवतीचा आवाज होता. ती समोर बसली असताना मी त्याला म्हणालो, ‘नाही झालं. पायात होतं, पण मनात नाही तिच्या. शेवटी कच खाल्ली. मी माझ्याकडून सगळं केलं.’ तिकडे करवत थांबली, पुन्हा सुरू झाली. तो म्हणाला, ‘तुम्ही तरी काय करणार, सर.’ तिनं मान वर केली नाही. स्पाइक्स पिशवीत घातले, पिशवीची गाठ मारली. एक शब्द उलट बोलली असती तर मी तिला तिथल्या तिथे अजून चार गोष्टी ऐकवल्या असत्या, इतका मी पेटलो होतो. 

नंतर बरेच आठवडे मी मैदानावर जात राहिलो, पण तोंडातून ‘लास्ट’ हा शब्द निघेना. आकडा आधीच सांगून टाकायचो. ‘आज आठ.’ पोरं एकमेकांकडे बघून हसायची आणि दहाच्या हिशेबानं पळायची. आठ झाल्यावर मी शिट्टी वाजवून ‘जा घरी’ म्हटलं की ती तिथेच घुटमळत, काहीतरी डाव आहे असं समजून. एकानं तर विचारलंही, ‘खरंच का सर?’ बायको नाश्ता वाढून आपल्या कामाला लागायची. तिनं टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी एका रविवारी मी उणकलला गेलो. तिचा बाप आलेला आहे हे मला कळलं होतं. मनात एकच होतं, त्याच्यासमोर खरं सांगायचं. नोकरी तर मी परत आणू शकत नव्हतो, पण पोरीनं कच खाल्ली हे खोटं तरी तिच्या डोक्यावरून उतरवता आलं असतं. तळ्याच्या मागच्या बाजूला, नव्या इमारतींच्या आडोशाला मावशीची एक खोली. बाप दारातच बसला होता. मला बघून गडबडून उठला. ‘आलासा सर? आत या, बसा की.’ ती आत कणीक मळत होती. आता मावशीबरोबर कामाला जायला लागली होती, विद्यानगरातली दोन घरं धरली होती, हे मावशीनंच सांगितलं. ‘तुमच्याच लाइनीत हाय की एक,’ असंही म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. ‘तुमच्या मुलीची काही चूक नाही. तिच्यात दम होता, पुष्कळ होता. चूक माझी. मी इतकी वर्षं खोटं लास्ट म्हणत आलो, म्हणून खऱ्या वेळी तिला माझा शब्द खरा वाटला नाही. ती माझ्यामुळे हरली. फोनवर तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं.’ एवढी मोठी कबुली मी आयुष्यात कुणाला दिलेली नव्हती. 

 बापाचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हा मला बोलेल, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं.

‘सर,’ तो म्हणाला, ‘एवढं कोण करतंय हो दुसऱ्याच्या पोरीसाठी? तिची चूक तुम्ही आपल्या अंगावर घ्यायला लागलाय. मी अडाणी असलो म्हणून मला कळत न्हाई होय?’

‘अहो नाही, खरंच सांगतोय मी.’

‘ऱ्हाऊ दे सर, ऱ्हाऊ दे. मोठ्या मनाची माणसं अशीच बोलत्यात.’ त्यानं आतल्या बाजूला वळून हाक मारली. ‘अगं ए, ऐकलीस का? तू सरांचं नाव घालवलंस, आणि सर तुला वाचवायला घरापत्तुर आलेत. ये हिकडं. पाया पड.’

मी नाही-नाही म्हणालो. नीट म्हणालो की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणालो, ते मला आज सांगता येणार नाही. ती आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं, खोलीच केवढी. खरं काय ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तिला, आणि आमच्या दोघांच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती. तिनं हाताला लागलेली कणीक ओढणीला पुसली. बापाकडे पाहिलं. मग माझ्यासमोर येऊन ती खाली वाकली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली, आणि माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं म्हणालो, ‘सुखी राहा.’